बोर्ड लहान, एसएमपीएस मोठा: चालेल का?

पावसाळा तोंडावर आला की वीज, यूपीएस आणि एसएमपीएस यांविषयीची पत्रं एकदम वाढतात. म्हणून यावेळचा कॉलम आम्ही पूर्णपणे एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, दिला आहे. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावांऐवजी फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (म्हापसा): जुन्या मोठ्या कॅबिनेटमधला ५०० वॅटचा एसएमपीएस अजून चांगला चालतो. मुलीच्या कॉलेजसाठी नवा मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, मदरबोर्ड घेतला. दुकानदार म्हणतो, लहान बोर्डाला लहानच एसएमपीएस हवा, नाहीतर बोर्ड जळेल. खरं का?

उत्तर: खरं नाही. एसएमपीएस बोर्डात वीज ढकलत नाही. तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट कायम ठेवतो आणि बोर्ड मागेल तेवढा करंट देतो. मुलीचं मशीन ६० वॅट मागत असेल तर ५०० वॅटचा एसएमपीएसही तेवढेच देईल. ५०० हा आकडा म्हणजे त्याची कमाल कुवत.

बोर्डाचा आकार म्हणजे नुसती लांबी-रुंदी. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० × १७०. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स आणलं. नंतरचे लहान आकार त्याच घरातले आहेत, म्हणून बाजारात सुटे मिळणारे हे तिन्ही बोर्ड सहसा तेच दोन प्लग मागतात: एक २४ पिनांचा मुख्य आणि दुसरा प्रोसेसरजवळचा, १२ व्होल्टचा, ४ किंवा ८ पिनांचा.

जोडी जुळवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या आणि त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. एसएमपीएसचा डबा बसतो की नाही हे कॅबिनेट ठरवतं. प्लग जुळतात की नाही हे बोर्ड ठरवतो. वॅट पुरतात की नाही हे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवतात. तुमच्या दुकानदाराने पहिली गोष्ट तिसरीच्या जागी नेऊन ठेवली आहे.

तुमच्या बाबतीत पाहायचं ते असं. मुख्य प्लग २४ पिनांचा आहे ना? प्रोसेसरचा प्लग ८ पिनांचा आहे की फक्त ४? बोर्डावर ८ पिनांचं सॉकेट असेल आणि तुमच्याकडे ४ पिनांचाच प्लग असेल, तर तो सॉकेटच्या एका अर्ध्या भागात बसतो आणि ६५ वॅटच्या साध्या प्रोसेसरला पुरतो. मात्र करंट चारऐवजी दोनच पिवळ्या तारांतून जातो, म्हणून जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरला अशी जोडणी करू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला असे, त्यामुळे प्रोसेसरची केबल ४० सेंटिमीटर असली तरी भागत असे. नव्या कॅबिनेटमध्ये तो तळाशी बसतो आणि प्रोसेसरचं सॉकेट बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. बोर्डामागून केबल न्यायची तर ६० ते ६५ सेंटिमीटर लागतात. ओढूनताणून ग्राफिक्स कार्डावरून केबल नेण्यापेक्षा ८ पिनांचं एक्सटेन्शन घ्या.

एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेला लाल खटका असेल तर तो २३० वर आहे याची प्लग लावण्यापूर्वी खात्री करा. ११५ वर असताना आपल्याकडचा २३० व्होल्टचा पुरवठा दिला तर आतले भाग जागच्या जागी फुटतात. असा खटका असणं म्हणजे डिझाइन जुनं. आठ-दहा वर्षं वापरलेला असेल तर तो नव्या बोर्डाला लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कपॅसिटर सुकतात आणि १२ व्होल्टवरचा रिपल (व्होल्टेजची थरथर) वाढतो, पण बाहेरून काहीच दिसत नाही.

प्रश्न (साखळी): घरात २० पिनांचा एक फार जुना एसएमपीएस पडून आहे. २४ पिनांच्या बोर्डाला लावला तर चालेल का?

उत्तर: बसेल आणि कदाचित सुरूही होईल, पण लावू नका. वाढीव ४ पिनांतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकेक तार आणि एक ग्राउंड येते. २० पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टची तार एकच असते. ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत घेतं आणि तो बहुतेक भार त्या एका पिनवर पडतो. पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग वितळतं. उलट बाजूने मात्र अडचण नाही. जुन्या २० पिनांच्या बोर्डाला नवा २०+४ प्लग लावताना सुट्या ४ पिना बाजूला लोंबकळत ठेवायच्या.

प्रश्न (फोंडा): टेबलावर मावेल असं मिनी आयटीएक्स कॅबिनेट घ्यायचं आहे. त्यात नेहमीचा एसएमपीएस बसेल का?

उत्तर: कॅबिनेटच्या माहितीपत्रात 'एसएफएक्स' (एसएमपीएसच्या लहान डब्याचं माप) लिहिलं असेल तर बसणार नाही. नेहमीचा एटीएक्स डबा १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० ते १६० खोल असतो. एसएफएक्स १२५ × ६३.५ × १०० आणि एसएफएक्स-एल खोलीला १३०. काही मिनी आयटीएक्स कॅबिनेटमध्ये एटीएक्स डबाही बसतो. तिथे खोली मोजूनच घ्या, कारण मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या मागे प्लग आणि केबलचं वळण मिळून आणखी पाचेक सेंटिमीटर लागतात.

एसएफएक्स मोठ्या कॅबिनेटमध्ये लावता येतो, त्यासाठी पत्र्याचा ब्रॅकेट मिळतो. पण त्याच्या केबल लहान कॅबिनेटच्या मापाने केलेल्या असतात आणि मोठ्यात त्या पोचत नाहीत. पुढेमागे मोठा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर एसएफएक्सवर जादा पैसे घालू नका.

पंख्याची दिशाही पाहा. कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली, नसेल तर पंखा वर. तळाची जाळी महिन्यातून एकदा काढून झाडा.

प्रश्न (डिचोली): एका कार्यालयाच्या लिलावातून ब्रँडेड कंपनीचं सडपातळ मशीन घेतलं. त्याचा एसएमपीएस गेला. नवा आणला तर प्लगच वेगळा निघाला. आता काय करू?

उत्तर: वर सांगितलेला नियम सुट्या बोर्डांचा. मोठ्या कंपन्यांच्या तयार मशीनना तो लागू होत नाही. त्यांच्या बोर्डावर ६, ८, १० किंवा १४ पिनांचं स्वतःचं सॉकेट असतं आणि हार्डडिस्कची वीजही पुष्कळदा एसएमपीएसऐवजी बोर्डावरूनच निघते. डब्याचा आकारही वेगळा असतो. सडपातळ मशीनमध्ये बहुधा टीएफएक्स असतो, म्हणजे साधारण ८५ × ६५ × १७५ मिलिमीटर. त्याहून लहान म्हणजे फ्लेक्स एटीएक्स, ८१.५ × ४०.५ × १५०. कित्येकदा डबा कंपनीने स्वतःच्या मापाचा बनवलेला असतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुन्या एसएमपीएसच्या लेबलवरचा पार्ट नंबर पाहून तोच नंबर, वापरलेला का असेना, मागवणं. लेबलचा फोटो काढून दुकानात दाखवा. 'असाच दिसतो' एवढ्यावर विकत घेऊ नका.

दुसरा मार्ग २४ पिनांवरून १४ किंवा १० पिनांवर नेणाऱ्या ॲडॉप्टरचा. तो तुमच्या नेमक्या मॉडेलसाठीच आहे याची खात्री करा. काही बोर्डांना मशीन बंद असतानाही ५ ऐवजी ११-१२ व्होल्ट लागतात. अशा ॲडॉप्टरमध्ये ५ चे १२ करणारी छोटी सर्किट पट्टी असते आणि नुसत्या तारा जोडलेला स्वस्त ॲडॉप्टर तिथे चालत नाही. इंटेलच्या एटीएक्स १२ व्हीओ या फक्त १२ व्होल्ट देणाऱ्या नव्या पद्धतीतही १० पिनांचाच प्लग आहे. कंपन्यांच्या जुन्या १० पिनांशी त्याचा मेळ नाही, तेव्हा पिनांची संख्या जुळली म्हणून प्लग खुपसू नका. १९९० च्या दशकाअखेरच्या काही ब्रँडेड मशीनमध्ये तर प्लग हुबेहूब एटीएक्सचा, पण आतल्या तारांचा क्रम निराळा, असाही प्रकार होता.

ॲडॉप्टर जुळला तरी एटीएक्स डबा त्या सडपातळ पेटीत मावणार नाही. एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवून चालवणं तपासणीपुरतं ठीक. घरात लहान मुलं असताना कायमचं तसं ठेवू नका.

प्रश्न (मडगाव): कोअर आय ५ १२४०० प्रोसेसर आणि मायक्रो एटीएक्स बोर्ड आहे. कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस आला होता. आता आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घातलं, तर गेम सुरू करताच मशीन बंद पडतं. ४५० कमी आहे का?

उत्तर: झाकणावरचा ४५० विसरा, लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या कित्येक एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअर लिहिलेलं असतं. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात भरून बेरीज मोठी केलेली असते, आणि आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही.

आता तुमचा हिशेब. प्रोसेसर जोरात असताना ११७ वॅटपर्यंत जातो, कार्ड १७० घेतं. दोन्ही मिळून २८७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे २४ अँपिअर. बोर्ड, रॅम, एसएसडी, हार्डडिस्क आणि पंखे यांचे पन्नासेक वॅट वेगळे. एकूण ३४० च्या आसपास. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभर सरासरीच्या बरंच वर उसळी मारतं. ती उसळी स्वस्त एसएमपीएसला झेपत नाही आणि त्याचं संरक्षण सगळं बंद करतं. तुमचं मशीन गेम सुरू होताच बंद पडतं त्याचं सर्वांत संभाव्य कारण हेच.

या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते. १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या पुढे देणारा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. '८० प्लस' चिन्हाचा अर्थ एवढाच, की तो घेतलेल्या विजेपैकी किती वाया घालवतो हे तपासलेलं आहे. बाकीच्या दर्जाची ती हमी नव्हे. पण ज्यावर ते चिन्हही नाही, तो ग्राफिक्स कार्डाला लावू नये.

कार्डाला वीज कशी जोडता यावरही लक्ष द्या. स्लॉट ७५ वॅट देतो, ६ पिनांचा प्लग ७५ आणि ८ पिनांचा १५०. एसएमपीएसला ८ पिनांचा प्लग नसला की दुकानात साटाचे (हार्डडिस्क-एसएसडीला वीज देणारे) प्लग जोडून ८ पिन करणारी वायर हातात ठेवतात. ती घेऊ नका. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीनच पिना असतात, प्रत्येकी १.५ अँपिअरच्या, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. ८ पिनांच्या सॉकेटवरून कार्ड १५० वॅट मागू शकतं. तो प्लग वितळतो आणि जवळ केबलचा गुंता असेल तर आगही लागते.

प्रश्न (वास्को): नव्या मॉड्युलर एसएमपीएसला जुन्या मॉड्युलरच्या केबल लावल्या तर चालतील का? प्लग बसतात.

उत्तर: मुळीच लावू नका. बोर्डाकडच्या टोकाला ठरलेलं मानक आहे, एसएमपीएसकडच्या टोकाला नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तारांचा क्रम बदलतो. १२ व्होल्ट चुकून ५ व्होल्टच्या तारेत गेले की हार्डडिस्क आणि एसएसडी क्षणात जातात, त्यातल्या फोटोंसकट. एसएमपीएसबरोबर आलेल्याच केबल वापरा आणि उरलेल्या त्याच्याच नावाच्या पिशवीत ठेवा.

असाच घोळ प्रोसेसरचा ८ पिनी आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनी प्लग यांत होतो. प्रोसेसरचा ४+४ असा फुटतो, कार्डाचा ६+२ असा. दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते याच कारणासाठी. प्लग सहज जात नसेल तर तो चुकीचा आहे, जोर लावू नका.

प्रश्न (काणकोण): कॅबिनेट मोठं घेतलं, बोर्ड तोच मायक्रो एटीएक्स, एसएमपीएसही तोच. आता बटण दाबलं की पंखे सेकंदभर फिरतात आणि थांबतात. हार्डवेअरवाला एसएमपीएस बदला म्हणतो.

उत्तर: थांबा, आधी बोर्डाखाली पाहा. मोठ्या कॅबिनेटमध्ये एटीएक्स बोर्डासाठी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकवून स्क्रू लावतात ते खुंट) आधीच लावलेले असतात, सहसा नऊ. मायक्रो बोर्डाला तेवढी भोकं नसतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ तसाच राहिला तर तो मागच्या सोल्डरला टेकतो, शॉर्ट होतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तो आपलं काम बरोबर करतो आहे आणि दोष त्यालाच लागतो.

तपासायची पद्धत अशी. भिंतीचा स्विच बंद करा, बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवा. २४ पिनी आणि प्रोसेसरचा असे दोन्ही प्लग लावा. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू राहिलं तर शॉर्ट कॅबिनेटमध्ये आहे: जादा स्टँडऑफ काढा, मागची पत्र्याची पट्टी यूएसबीच्या भोकात शिरली नाही ना तेही पाहा. पंखा फिरत राहतो पण स्क्रीनवर काहीच नाही, असं असेल तर प्रोसेसरचा प्लग राहिला असण्याची शक्यता मोठी.

बाहेरही तेच झालं तर मल्टीमीटर घ्या. भिंतीचा स्विच चालू आणि मशीन बंद असताना जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट हवेत. नसतील तर एसएमपीएस गेला, पुढे तपासायची गरज नाही. असतील तर २४ पिनी प्लग बोर्डापासून काढून हिरवी तार शेजारच्या काळीला वायरच्या तुकड्याने जोडा. सगळ्या तारा काळ्याच असतील तर क्लिपच्या बाजूची रांग धरा आणि सुट्या ४ पिनांच्या विरुद्ध टोकापासून चौथी पिन मोजा. ती हिरवी, तिच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड. आता पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसले पाहिजेत. करड्या तारेवर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्ट यायला हवेत. ते आले नाहीत तर बोर्ड रिसेटमध्येच अडकून राहतो.

नुसता पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं समजू नका. भार नसताना व्होल्टेज नीट दिसतं आणि भार आला की कोसळतं. मोजमाप बरोबर येऊनही शंका राहिली तर ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासभर लावून पाहणं हाच निकाल. डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो.

प्रश्न (दिवाडी): कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, पण वीज गेली की मशीनही जातं. पावसात हे रोजचं झालंय.

उत्तर: दोन वेगळे दोष आहेत. मुंग्यांचा आधी मिटवा, कारण तो जिवाशी आहे.

एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतला किंचित करंट अर्थिंगच्या तारेने निघून जायचा असतो. अर्थिंग नसलं की बॉडीवर साधारण निम्मं, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट उभं राहतं. करंट फार थोडा असल्याने झटका न बसता मुंग्या येतात. पण तुमचं अर्थिंग नाही ही बातमी त्या मुंग्याच देत आहेत. उद्या खरी गळती झाली तर तिला जायला वाट नाही.

एसएमपीएस बदलून हे जाणार नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडे जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. एप्रिल-मे महिन्यांत त्यात नियमित पाणी घालावं लागतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून लावला असेल तर तो ॲडॉप्टर आजच फेकून द्या. स्पाइक गार्डचंही बरंचसं काम अर्थिंगवरच चालतं.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेक ६०० व्हीए यूपीएसची कुवत ३६० वॅट असते, खोक्यावर वॅटचा आकडा वेगळा दिलेला असतो. मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या जवळ जात असतील, किंवा बॅटरी तीनेक वर्षांची झाली असेल, तर बॅटरीवर जायच्या क्षणी यूपीएस हार मानतो. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. त्याहून उशीर झाला की मशीन गेलंच. नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (घेतला जाणारा करंट विजेच्या लहरीशी जुळवणारं सर्किट) असते आणि काहींचं स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीशी जमत नाही. आधी बॅटरी बदलून पाहा. तरी तसंच झालं तर शुद्ध साइन वेव्हचा १००० व्हीए घ्या. प्रिंटर यूपीएसवर लावू नका.

तुमच्या बेटावर चारी बाजूंना पाणी, हवा खारट. मशीन जमिनीपासून वीतभर वर आणि ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासून दूर ठेवा. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर चालवा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. मुंग्या आणि पाली उबेला एसएमपीएसमध्ये शिरतात, म्हणून मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढलेल्या असतील तर परत बसवा. पावसाळ्यानंतर २४ पिनी प्लग काढून पाहा. पिनांवर पांढरट किंवा हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि प्लग दोन-तीनदा काढून-घालून बसवा. गडगडाट सुरू झाला की भिंतीचा प्लग काढाच, आणि त्याबरोबर राउटरकडून येणारी नेटवर्कची तांब्याची केबलही काढा.